बर्फाच्या टेबलावरचे घाडीगावकर

दादरच्या आमच्या ऑफिसात बर्फ विकायचं काम घाडीगावकरांकडे होतं.

ऑफिस म्हणजे फुलबाजाराच्या अंगाला असलेल्या एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. चार टेबलं. एकावर केरळ आणि अंदमान, एकावर राजस्थान, एकावर परदेश, म्हणजे दुबई आणि थायलंड. खिडकीजवळच्या चौथ्या टेबलावर गुलमर्ग, सोलांग आणि औली. त्या टेबलाच्या मागे भिंतीवर स्की घातलेल्या एका गोऱ्या जोडप्याचं मोठं पोस्टर होतं. दोघांचे मिळून साठेक दात दिसायचे. त्यांच्या बरोब्बर खाली घाडीगावकर बसायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर मयत झालेल्या घरी तिसऱ्या दिवशी भेटायला आल्यासारखा भाव.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गिरगावातून बसने यायचे आणि हॉटेलवाल्यांना ईमेल पाठवायचे. घाडीगावकर पन्नाशीचे. तरी ते मला पहिल्या दिवसापासून 'कर्णिकबाई' म्हणत आले. आमच्यात पाच फुटांचं अंतर आणि एक टेबलफॅन होता, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

पहिल्याच आठवड्यात हिंदू कॉलनीतलं एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "आम्हाला बर्फ बघायचाय."

घाडीगावकरांनी पेनाचं टोपण लावलं. "कशाला?"

नवरा गांगरला. बायको म्हणाली, "म्हणजे, सगळे बघून येतात ना."

"सगळे येतात ते सर्दी घेऊन येतात. बघण्यासारखं काय नाय हो त्यात. पांढरं असतं. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग बोटं दुखतात. भाड्याचे बूट मिळतात, ते आधी घातलेल्याने ओले केलेले असतात. घसरगाडीवर बसवणारे स्लेजवाले पाठ सोडत नाहीत. तुमचे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बघा, विचार करा. थंडीत कोकणात जावा. स्वस्तात पडेल आणि मासे मिळतील."

त्या जोडप्याने त्याच दिवशी बुकिंग केलं. जाताना नवरा मला हळूच म्हणाला, "फार सरळ माणूस आहे."

हे असंच चालायचं. घाडीगावकर लोकांना घालवून द्यायचे आणि लोक त्यांच्यासमोर रांग लावायचे. आमचे मालक भाटकरसाहेब काचेच्या केबिनमधून हे बघत आणि कपाळाला हात लावत. एकदा न राहवून त्यांनी घाडीगावकरांना आतल्या खोलीत कागद लावायला बसवलं आणि बर्फाच्या टेबलावर एक हसरा, टाय लावणारा मुलगा आणला. तो गुलमर्गला 'स्वर्ग' म्हणायचा. महिनाभरात बर्फाचं टेबल ओस पडलं. घाडीगावकर पुन्हा पोस्टरखाली येऊन बसले. साहेबांनी हा विषय परत काढला नाही. घाडीगावकरांनीही नाही. त्यांना आपण खप वाढवतोय हे कधी पटलंच नव्हतं. ते खरोखरच लोकांना सावध करत होते.

त्यांनी स्वतः बर्फ बघितलेला नव्हता. हे त्यांनी लपवलंही नव्हतं. कोणी विचारलं, "तुम्ही गेलाय का हो?" की ते सांगायचे, "नाय. आपल्याला कोण पाठवणार? पण माणसं जाऊन येतात, ती काय बोलतात ते आपण लिहून घेतो." टेबलाच्या खणात त्यांची एक जाडजूड वही होती. टूरवरून परत आलेल्या प्रत्येकाला ते फोन करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "त्रास कसला झाला?" आवडलं का, हे कधीच नाही. कुठल्या हॉटेलात कुठल्या खोलीचा गीझर चालत नाही, कुठली खिडकी नीट लागत नाही, गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत ऊन कुठे येतं, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम कुठल्या हॉटेलात विनंती केली की वापरू देतात, हे सगळं त्या वहीत होतं. डिलाईल रोडच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या या माणसाला गुलमर्गचा कोपरा न् कोपरा पाठ होता. फक्त गैरसोयींच्या बाजूने.

साहेबांनी 'स्की स्पेशल' टूर काढली, तीन दिवस स्की शिकवायची, तेव्हा घाडीगावकरांनी वही उघडली आणि मनगट मोडलेल्या तिघांची नावं वाचून दाखवली. मग घरून एक गादी आणली. बुकिंग केलेल्या प्रत्येकाला त्या गादीवर पडायला लावायचं, असा त्यांनी नेम केला.

"उभं राहायचं कसं ते तिथला मास्तर शिकवेल," ते म्हणायचे. "आपण पडायचं शिका. हात पुढे टाकायचा नाय. कुशीवर, बसल्यासारखं पडायचं. हां. परत."

चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं खिशातला चष्मा माझ्या टेबलावर ठेवून त्या गादीवर कुशीवर पडत होती आणि घाडीगावकर वरून बघत म्हणत होते, "कोपर आत घ्या." टूरच्या आधी आपल्या ऑफिसात आपल्याच गिऱ्हाइकांना पाडणारा माणूस पाहून भाटकरसाहेब केबिनचा पडदा ओढून घ्यायचे.

त्यांचे वडील गिरणीत होते, सायझिंग खात्यात. सुताला खळ लावून वाफेवर वाळवायचं काम, गिरणीतलं सगळ्यात गरम खातं. ती गिरणी गेली, तिथे मॉल झाला, आणि मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर खोटा बर्फ पाडणारी एक मोठी खोली उघडली. घाडीगावकर एका रविवारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना तिथे घेऊन गेले. सोमवारी मी विचारलं, कसं वाटलं त्यांना.

"बूट घालायला अर्धा तास गेला. आत गेल्यावर म्हातारा भिंतीला हात लावून लावून चालत होता. मधेच उभा राहिला आणि म्हणाला, 'हंयसर आमचा सायझिंग होता. अंगात बनियान ठेवूक जमायचा नाय.' तिथला पोरगा सांगतोय, अंकल, पुढे चला, फोटो पॉइंट पुढे आहे. तो कसला हलतोय."

"आणि तुम्हाला? बर्फ बघितला ना शेवटी."

"तो बर्फ नव्हे, कर्णिकबाई. तो फ्रीज."

आता प्रधानबाईंचं सांगायला हवं. दादरलाच राहायच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमचा जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. बसल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "हिमरेषा म्हणजे काय, हे मी तीस वर्षं खडूने फळ्यावर काढून शिकवलं. आता एकदा तिच्या वर जायचंय. आणि मला स्कीवर उभं राहायचंय. घसरायचं नाही. नुसतं उभं."

घाडीगावकर म्हणाले, "बाई, या गुडघ्यांवर तुम्ही आमच्या जिन्यावर उभ्या राहिलात तेच पुष्कळ झालं. आधी गुडघे करून घ्या. मग या."

हे त्यांनी घालवून द्यायला म्हटलं होतं. बाई 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. तीन महिन्यांनी परळच्या एका हॉस्पिटलमधून त्यांचा फोन आला. "घाडीगावकर, उजवा झाला. डावा पुढच्या महिन्यात."

त्या दिवशी मी घाडीगावकरांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. संध्याकाळी ते ऑफिस सुटल्यावर थेट हॉस्पिटलात गेले. मग रोजच जायला लागले. डिलाईल रोडला परतताना वाटेवरच आहे, असं म्हणायचे. खरं तर वाट वाकडी करावी लागायची. बाईंना भेटायला दुसरं कोणी फारसं येत नव्हतं. हे शेजारी बसून बर्फाची निंदा करायचे आणि बाई फिजिओथेरपीचे व्यायाम मोजायच्या. वर्षभराने बाई काठी न घेता आमचा जिना चढून आल्या आणि स्की स्पेशलमध्ये नाव घालून गेल्या. गादीवर त्या सगळ्यांत नीट पडल्या.

नेमका त्या हिवाळ्यात बर्फ पडला नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी उजाडला, तरी नाही. गुलमर्गच्या हॉटेलवाल्याने मला फोटो पाठवले. तपकिरी गवताचा उतार, त्यावर शेंदरी जाकीट घातलेले स्कीचे मास्तर क्रिकेट खेळत होते. मी ते साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, "आठ दिवस आहेत अजून. पडेल. कोणाला सांगू नका."

घाडीगावकरांनी ते ऐकलं. साहेब जेवायला गेल्यावर त्यांनी सव्वीसच्या सव्वीस जणांना फोन केले. मी समोरच होते. प्रत्येकाला तेच वाक्य: "घाडीगावकर बोलतोय. गुलमर्गला बर्फ नाही. जाऊ नका. पुढच्या वर्षी बघू."

पलीकडून प्रत्येकजण हसत होता. मला पाच फुटांवरून ते हसणं ऐकू येत होतं. कोणी म्हणालं, "तुम्ही ना, शेवटपर्यंत सोडणार नाही." कोणी म्हणालं, "बूटसुद्धा ओले असतील, माहितीय." प्रधानबाई म्हणाल्या, "मला पाठ आहे सगळं तुमचं." घाडीगावकर पुन्हा पुन्हा सांगत होते, "नाय हो, या वेळी खरंच," आणि 'या वेळी खरंच' म्हटल्यावर तर लोक आणखीच हसत होते. एकानेही रद्द केलं नाही.

टूर मॅनेजरला मात्र फोटो दिसले होते. निघायच्या दोन दिवस आधी त्याची पाठ धरली. साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन घाडीगावकरांच्या टेबलावर विमानाचं तिकीट ठेवलं. "तुम्हीच जा. फोन केलेत ना सगळ्यांना? आता तोंडही तुम्हीच द्या."

घाडीगावकरांकडे स्वेटर नव्हता. मुंबईत कोणाकडे असतो? ऑफिसातल्या आम्ही चौघांनी मिळून इकडून-तिकडून गरम कपडे जमवले. माझ्या वडिलांची माकडटोपी त्यांना अगदी बरोबर बसली.

पुढचं मी तिथे नसले तरी मला नीट माहीत आहे, कारण ते घाडीगावकरांनी सांगितलं, प्रधानबाईंनी सांगितलं, आणि सोमणांनी तर पत्रातच लिहिलं. सोमण म्हणजे गिरगावातले निवृत्त बँक अधिकारी, गादीवर कोपर बाहेर काढणारे. गुलमर्गला गाडीतून उतरल्यावर त्यांनी पिवळ्या मैदानाकडे पाहिलं, मग घाडीगावकरांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"गवत."

"तुम्ही आम्हाला सांगायला नको होतं?"

"सांगितलं होतं."

"अहो, पण तुम्ही नेहमीच तसं सांगता."

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात त्यांना इतकं खरं कोणी ऐकवलं नव्हतं. सव्वीस माणसं थर्मल घालून, गॉगल लावून उन्हात उभी होती आणि त्यांच्यासमोर हा माणूस हात बांधून, आपण इतकी वर्षं नेमकं काय करत होतो ते पहिल्यांदाच कळल्यासारखा उभा होता.

दुसऱ्या दिवशी कळलं की गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, अगदी डोंगराच्या माथ्याजवळ, थोडा जुना बर्फ शिल्लक आहे. सगळ्यांचे चेहरे उजळले. फक्त वहीत घाडीगावकरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं: दुसरा टप्पा, हवा विरळ, सत्तरीच्या पुढच्या बी.पी.वाल्यांना नेऊ नये. खाली दोन रेघा. प्रधानबाई दोन्हींत बसत होत्या. पंचवीस जण वर गेले. पहिल्या टप्प्यावर चहाच्या टपरीबाहेर घाडीगावकर आणि प्रधानबाई बसून राहिले. तिथेही गवतच होतं.

बाईंनी चहा संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात गुडघे करा, मी केले. दोन्ही केले."

"मी तसं म्हणालो नव्हतो हो बाई. म्हणजे, म्हणालो होतो. पण तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

घाडीगावकर म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही जाल. घरी."

बाई म्हणाल्या, "माझ्या घरी मी एकटीच असते. तिथे जायची मला घाई नसते."

यानंतर घाडीगावकरांनी जे केलं ते त्यांच्या वहीच्या विरुद्ध होतं. ते उठले, खिडकीवर गेले आणि दुसऱ्या टप्प्याची दोन तिकिटं काढून आणली. चहावाल्याकडून एक स्टूल मागून घेतलं. बाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून बघितलं, तर थंडीने ते आकडाच दाखवेना. ते त्यांनी खिशात टाकलं आणि म्हणाले, "वर दहा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट नाय. मी म्हटलं खाली, की खाली."

वर बर्फ होता. फार नाही, पण होता. तिथे बशीर नावाचा एक स्कीचा मास्तर कोणी येतंय का वाट बघत बसला होता. त्याने स्टुलावर बसलेल्या बाईंच्या पायात स्की चढवल्या, दोन्ही हातांत काठ्या दिल्या आणि धरून उभं केलं. मग हात सोडले. बाई उभ्या राहिल्या. नव्या गुडघ्यांवर, तीस वर्षं खडूने काढलेल्या रेषेच्या वर, मोजून दोन मिनिटं. टूरमधल्याच कोणीतरी तो फोटो काढला आहे. मी तो पुष्कळदा पाहिलाय. बाई समोर बघताहेत, बशीर कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, मागे बर्फाळ शिखरांची रांग आहे, आणि घाडीगावकर माकडटोपी घालून, अर्धवट वाकून, बाईंच्या तोंडाकडे बघताहेत.

ते परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता बर्फ?"

"बघायला जमलं नाही."

"म्हणजे? तुम्ही वर गेला होतात ना?"

"मी बाईंच्या ओठांकडे बघत होतो. निळे पडले तर लगेच खाली आणायचं होतं. दहा मिनिटं तेच बघत होतो." मग म्हणाले, "नाय पडले."

सोमणांनी तीन पानी तक्रार पाठवली. साहेबांना उत्तर लिहायचं होतं की बर्फ नसल्याची आम्हाला काही कल्पना नव्हती, आणि त्याखाली सही हवी होती टूर नेणाऱ्याची. घाडीगावकरांनी तो कागद वाचून परत दिला आणि स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला. त्यात चारच वाक्यं होती. बर्फ नाही हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. मी सर्वांना फोन करून सांगितलं. कोणाला खरं वाटलं नाही, कारण मी नेहमीच जाऊ नका म्हणतो. ही चूक माझी आहे. साहेब म्हणाले, हे पाठवलं तर आपण बुडालो. घाडीगावकर स्वतः गिरगावात जाऊन तो कागद सोमणांच्या हातात देऊन आले. सोमणांनी तक्रार मागे घेतली. साहेबांनी मात्र त्यानंतर घाडीगावकरांशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली.

पण खरा फरक पडला तो टेबलावर. आता कोणी 'बर्फ बघायचाय' म्हटलं की घाडीगावकर वही न उघडता म्हणायचे, "जा. छान असतं."

गिऱ्हाईक दचकायचं. "पण त्रास वगैरे?"

"होतो थोडा. चालतं."

लोक एकमेकांकडे बघायचे, विचार करून सांगतो म्हणायचे आणि समोरच्या ऑफिसात जायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, पहिल्यासारखं सांगा ना." ते म्हणाले, "कर्णिकबाई, मी खरं सांगायचो तेव्हा लोकांना मजा वाटायची, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तसंच सांगितलं तर ती थाप होईल." त्यांच्या या बोलण्याला मला अजून तोड सापडलेली नाही.

दोनेक वर्षांत सगळं बुकिंग मोबाइलवर गेलं. टेबलं निघाली. घाडीगावकरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाला साहेबांनी त्यांना शाल दिली, उबदार होती. मीही नंतर ती नोकरी सोडली. प्रधानबाई मात्र त्यांच्याकडे गणपतीला जात राहिल्या. डिलाईल रोडच्या त्या चाळीचे तीन जिने चढून.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत. मी नवऱ्याबरोबर गुलमर्गला गेले होते. सकाळी उठून खिडकी उघडली तर नजर पोचेल तिथवर बर्फ, ताजा, कोणाचंही पाऊल न पडलेला. मी विचार न करता घाडीगावकरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी उचलला. पडद्यावर आधी त्यांचं कपाळ आलं, मग चष्मा.

"घाडीगावकर, बघा," मी म्हटलं आणि फोन बाहेर वळवला.

मी फोन उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, स्कीच्या उतारावर शिकाऊ मुलं एकामागून एक खाली येत होती ती दाखवली. मला वाटलं, आता तरी निवांत बघत असतील. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "गो, इकडे ये. गुलमर्ग लागलाय."

त्यांची बायको आली. "अगो बाय," म्हणाली. मग शेजारची आली, तिची सून आली, गॅलरीतून आणखी कोणीतरी विचारत आलं, काय दाखवतायत. फोन या हातातून त्या हातात जायला लागला. मला अनोळखी चेहरे दिसत होते, कपाळं, चष्मे, एका बाईच्या हातातलं पीठ. कोणीतरी विचारलं, थंडी किती आहे, आणि मी सांगितलं. कोणीतरी म्हणालं, मीठ पसरल्यासारखं दिसतंय. माझी बोटं बधिर झाली होती, पण फोन खाली घ्यावासा वाटेना. घाडीगावकर कुठे आहेत ते दिसत नव्हतं.

शेवटी कोणीतरी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला आणि मला त्यांची अख्खी खोली दिसली. सगळी माणसं फोनकडे तोंड करून दाटीने उभी होती. त्यांच्या मागे, दाराशी, घाडीगावकर पाठमोरे होते. शेजारच्या खोलीतले एक म्हातारे गृहस्थ नुकतेच आत येत होते, त्यांच्यासाठी ते खुर्ची पुढे ओढत होते.

"इथे बसा," त्यांचा आवाज आला. "इथून नीट दिसेल."

मग रेंज गेली.